बाबांचे कागद टाकू नका: ब्रिटनचा वारसा कर आणि जोडीदाराची उरलेली सवलत

बाबा गेले तेव्हा घर आपोआप आईच्या नावावर झालं, बँकेतली शिल्लक तिच्या खात्यात आली आणि सरकारला एक पेनीही द्यावी लागली नाही. ही २००४ सालची गोष्ट. सगळं मिटलं असं समजून आम्ही पुढे कधीतरी माळा आवरताना त्यांची जाड निळी फाइल रद्दीत घातली. आई गेल्यावर सॉलिसिटरने पहिल्याच भेटीत विचारलं, "वडिलांचं मृत्युपत्र कुठे आहे? त्यांनी कोणाला काय दिलं होतं?" आईच्या करासाठी बाबांचे कागद कशाला, हे मला आणि धाकट्या भावाला तेव्हा कळलंच नाही. कळलं तेव्हा फाइल गेलेली होती.

ब्रिटनमध्ये पाय रोवलेल्या, किंवा आता कुठे आलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. भारतात १९८५ साली इस्टेट ड्यूटी रद्द झाली, त्यामुळे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर कर लागतो ही कल्पनाच आपल्याकडच्या दोन पिढ्यांना नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेले डॉक्टर आणि इंजिनिअर आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या मुलांवर ही वेळ येते आहे, आणि जे कागद लागतात ते बहुतेकदा आधी गेलेल्या माणसाचे असतात.

पायरी पहिली: दोन मर्यादा ओळखा

इथला वारसा कर, म्हणजे इनहेरिटन्स टॅक्स, माणूस मागे ठेवून जातो त्या सगळ्या इस्टेटीवर लागतो: घर, ठेवी, शेअर, दागिने, गाडी, वजा कर्जं आणि अंत्यविधीचा खर्च. ठरावीक मर्यादेपर्यंत कर शून्य, त्यावर ४० टक्के. त्या मर्यादेला निल रेट बँड म्हणतात. ती प्रत्येक माणसामागे ३ लाख २५ हजार पौंड आहे. आपल्या हिशेबात सव्वातीन लाख. एप्रिल २००९ पासून ती तिथेच गोठलेली आहे आणि किमान एप्रिल २०३१ पर्यंत गोठलेलीच राहणार आहे. घरांच्या किमती मात्र गोठल्या नाहीत, म्हणून हॅरो किंवा लेस्टरमध्ये एक साधं घर घेऊन आयुष्य काढलेली कुटुंबंही आज या कराच्या कक्षेत येतात. हा श्रीमंतांचा कर आहे असं समजून दुर्लक्ष करू नका.

दुसरी मर्यादा राहत्या घराची. रेसिडेन्स निल रेट बँड. ती एप्रिल २०१७ मध्ये एक लाखापासून सुरू झाली आणि २०२० पासून १ लाख ७५ हजार पौंड आहे. पावणेदोन लाख. राहतं घर मुलं, नातवंडं अशा थेट वंशजांना गेलं तरच ती मिळते. पुढे मी पहिलीला "मूळ मर्यादा" आणि दुसरीला "घराची मर्यादा" म्हणेन.

दोन्ही मिळून एका माणसाची करमुक्त रक्कम पाच लाख होते. दोघा नवरा-बायकोची दहा लाख. पण दहा लाखाचा हा आकडा आपोआप लागू होत नाही. आधी गेलेल्याची उरलेली मर्यादा नंतर गेलेल्याच्या इस्टेटीसाठी मागावी लागते, ठरलेल्या फॉर्मवर आणि ठरलेल्या मुदतीत.

मागितली नाही तर काय होतं ते बघा. आईची इस्टेट ९ लाख पौंडांची आहे. त्यात साडेपाच लाखाचं राहतं घर, आणि सगळं मुलांना जाणार आहे. बाबा २०११ मध्ये सगळं आईला देऊन गेले. नुसत्या आईच्या मर्यादा धरल्या तर ५ लाख करमुक्त, उरलेल्या ४ लाखांवर ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार पौंड कर. बाबांच्या दोन्ही मर्यादा मागितल्या तर १० लाख करमुक्त आणि कर शून्य.

पायरी दुसरी: "सूट" वेगळी, "मर्यादा" वेगळी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या मालमत्तेवर वारसा कर लागत नाही. मग ती जिवंतपणी दिलेली असो किंवा मृत्युपत्राने. ही सूट सहसा अमर्याद असते; एक मोठा अपवाद पुढे भारताच्या भागात येईल. सूट मिळालेल्या रकमेला करमुक्त मर्यादेची गरजच पडत नाही. म्हणून बाबांनी सगळं आईला दिलं तेव्हा त्यांची सव्वातीन लाखाची मर्यादा वापरलीच गेली नाही. ती कोरीच राहिली.

९ ऑक्टोबर २००७ च्या आधी अशी कोरी राहिलेली मर्यादा फुकट जायची. म्हणून त्या काळात वकील जोडप्यांना मृत्युपत्रात ट्रस्ट करायला सांगत. पहिला माणूस गेला की त्याच्या मर्यादेइतकी रक्कम ट्रस्टमध्ये जायची आणि उरलेली जोडीदाराला. २००७ मध्ये नियम बदलला. त्या तारखेनंतर दुसरा जोडीदार गेला असेल, तर पहिल्याची न वापरलेली मर्यादा त्याच्या इस्टेटीला मिळते. पहिला कधी गेला याला बंधन नाही. तो १९७५ मध्ये गेला असला तरी चालतं. नोंदणीकृत सिव्हिल पार्टनरशिपलाही, म्हणजे लग्नासारख्याच कायदेशीर नात्यालाही, हे लागू आहे, मात्र तिथे पहिला मृत्यू ५ डिसेंबर २००५ किंवा नंतरचा हवा, कारण तो कायदाच त्या दिवशी सुरू झाला.

तुमच्या घरात २००७ च्या आधी केलेलं मृत्युपत्र पडून असेल तर ते या आठवड्यात काढून वाचा. त्यात असा ट्रस्ट असेल आणि तसाच एकाचा मृत्यू झाला, तर त्याची मर्यादा ट्रस्टमध्ये खर्च होते आणि पुढे न्यायला काही उरत नाही. घर हीच मुख्य मालमत्ता असेल तर घराच्या मर्यादेचाही घोळ होऊ शकतो. दोघंही हयात असताना मृत्युपत्र बदलणं फार सोपं असतं.

पायरी तिसरी: लग्नाचं नातं तपासा

ही सोय फक्त कायदेशीर नवरा-बायकोला किंवा सिव्हिल पार्टनर्सना आहे. वीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या, पण लग्न न केलेल्या जोडप्याला नाही. "कॉमन लॉ मॅरेज" नावाचा प्रकार इंग्लंडच्या कायद्यात नाही, कितीही लोकांच्या तोंडी असला तरी. एकत्र राहणाऱ्या दोन बहिणींना नाही, आई आणि मुलीलाही नाही.

पहिल्याच्या मृत्यूच्या दिवशी लग्न शाबूत असलं पाहिजे. घटस्फोट झाला असेल तर हक्क संपला. नुसते वेगळे राहत असतील तर संपत नाही. विधवेने किंवा विधुराने पुन्हा लग्न केलं तरी पहिल्या जोडीदाराकडून आलेला हक्क राहतो. दोन जोडीदार आधी गेले असतील तर दोघांचं मिळून मोजता येतं, पण एकूण वाढ एका पूर्ण मर्यादेपेक्षा जास्त नसते.

भारतात रीतसर झालेलं लग्न इथे लग्नच असतं. सप्तपदी साताऱ्यात झाली म्हणून काही अडत नाही. अडतं ते पुराव्याशी, त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी चौथी: किती उरलंय ते टक्क्यांत काढा

पुढे जाते ती रक्कम नसते, टक्केवारी असते. पहिल्याच्या मृत्यूच्या वर्षी जी मर्यादा होती, तिच्यातले किती टक्के वापरले नाहीत ते काढायचं. तेवढे टक्के दुसऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच्या मर्यादेला लावायचे.

एखादे गृहस्थ जून १९९६ मध्ये गेले. तेव्हा मर्यादा २ लाख पौंड होती. त्यांनी मुलांना ५० हजार दिले आणि बाकी सगळं पत्नीला. मर्यादेचे २५ टक्के वापरले गेले, ७५ टक्के उरले. पत्नी आज गेली तर ३ लाख २५ हजारांचे ७५ टक्के, म्हणजे २ लाख ४३ हजार ७५० पौंड तिच्या मर्यादेत मिळतात. तिची एकूण मूळ मर्यादा ५ लाख ६८ हजार ७५० होते. लोक चुकून १९९६ चे दीड लाख पौंडच जोडतात. तसं करू नका, तुमचंच नुकसान होतं.

मर्यादा तीन गोष्टींत खर्च होते. पहिली, मृत्युपत्राने जोडीदाराखेरीज इतरांना दिलेली मालमत्ता (धर्मादाय संस्थेला दिलेली वगळून). दुसरी, घर जर "टेनंट्स इन कॉमन" पद्धतीने, म्हणजे आपापल्या हिश्शाने घेतलेलं असेल आणि त्यातला हिस्सा मुलांना गेला असेल तर तो. "जॉइंट टेनंट्स" असाल तर पहिल्याचा हिस्सा आपोआप जोडीदाराकडे जातो आणि मर्यादेला हात लागत नाही. तुमचं घर कोणत्या प्रकारात आहे हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदीवरून कळतं. तिसरी, मृत्यूआधीच्या सात वर्षांत दिलेल्या मोठ्या भेटी.

या तिसऱ्या गोष्टीत आपली मराठी घरं हमखास अडकतात. वर्षाला ३ हजार पौंडांपर्यंतच्या भेटी माफ असतात. मुलाच्या लग्नात आईने किंवा वडिलांनी दिलेले ५ हजार माफ असतात. नियमित उत्पन्नातून, स्वतःचं राहणीमान न बिघडवता दर महिन्याला गावी पाठवलेले पैसेही माफ होऊ शकतात, हिशेब ठेवला असेल तर. पण धाकट्या भावाला पुण्यात फ्लॅटसाठी एकदम दिलेले ६० हजार पौंड, किंवा नातीच्या शिक्षणासाठी एकरकमी दिलेली मोठी रक्कम, सात वर्षांच्या आत माणूस गेला तर त्याच्या मर्यादेतून वजा होते.

हक्कसोडपत्र हीही भेटच आहे. इथे बरीच वर्षं राहिलेल्या बहिणीने गावच्या जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडला, तर भारतात तो प्रेमाचा आणि रिवाजाचा भाग. ब्रिटनच्या करकायद्यात मात्र ती एक भेट ठरते. वडील गेल्यापासून दोन वर्षांच्या आत आणि योग्य शब्दांत कागद झाला तर तो वेगळ्या प्रकारे धरता येतो. म्हणून तहसील कचेरीत सही करण्याआधी इथल्या सल्लागाराला मसुदा दाखवा. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरची सही हजारो पौंडांची पडू शकते.

मृत्युपत्रच नसेल तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलं असलेल्या जोडप्यातला एक मृत्युपत्राविना गेला, तर जोडीदाराला घरगुती वस्तू, ३ लाख २२ हजार पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग मिळतो; बाकी अर्धा मुलांचा. समजा एकट्याच्या नावावर ५ लाख होते. त्यातले ८९ हजार मुलांना जातात आणि मर्यादेचे साधारण २७ टक्के खर्च होतात. कुणालाच ते नको होतं, आईचाच सगळा हक्क आहे असं मुलंही म्हणतात, तरी कायद्याने होतं. यावर उतारा आहे. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत सज्ञान मुलांनी "डीड ऑफ व्हेरिएशन" करून आपला वाटा आईकडे वळवला, तर कराच्या दृष्टीने तो वडिलांनीच आईला दिला असं धरतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे वाटणीचे नियम वेगळे आहेत.

पायरी पाचवी: घराची मर्यादा

हिचे नियम जरा अधिक नाजूक आहेत. घर मृताच्या मालकीचं आणि कधी ना कधी त्याचं राहतं असलं पाहिजे. नुसतं भाड्याने देण्यासाठी घेतलेलं चालत नाही. ते जायला हवं मुलांकडे, नातवंडांकडे, दत्तक किंवा सावत्र मुलांकडे. सून आणि जावई चालतात. पुतण्या आणि भाचा चालत नाहीत. मूलबाळ नसलेल्या काका-काकूंनी पोटच्या मुलासारख्या वाढवलेल्या पुतण्याला घर दिलं, तरी ही मर्यादा मिळत नाही. मला हा नियम आपल्या कुटुंबपद्धतीवर अन्याय करणारा वाटतो, पण तो आहे.

पहिल्या जोडीदाराची घराची मर्यादाही पुढे नेता येते, आणि यासाठी पहिल्याच्या नावावर घर असण्याची गरज नाही. तो एप्रिल २०१७ च्या आधी गेला असला, म्हणजे ही मर्यादा अस्तित्वात येण्याआधीच, तरी सहसा ती पूर्ण उरली असं धरतात. बरेच लोक "बाबा तर आधीच गेले होते" म्हणून ही मागणीच करत नाहीत.

इस्टेट २० लाख पौंडांच्या वर गेली की दर २ पौंडांमागे १ पौंड या हिशेबाने घराची मर्यादा घटत जाते. म्हणून मोठी मालमत्ता असलेल्यांनी पहिल्याच्या वेळी सगळंच जोडीदाराला द्यावं की नाही, याचा हिशेब करून घ्यावा.

आईने घर विकलं आणि मुलाकडे राहायला गेली किंवा केअर होममध्ये गेली, तरी ८ जुलै २०१५ नंतरच्या विक्रीसाठी ही सवलत काही अंशी शाबूत ठेवण्याची तरतूद आहे. त्या घराच्या विक्रीचे कागद ठेवा. आणि "घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू" हा आपल्याकडचा सल्ला इथे फसतो. नाव बदललं पण आई-बाबा बाजारभावाचं भाडं न देता तिथेच राहिले, तर करासाठी घर त्यांचंच धरतात.

पायरी सहावी: भारताचा धागा

एप्रिल २०२५ पासून मुख्य प्रश्न एकच आहे: गेल्या २० करवर्षांपैकी किमान १० वर्षं माणूस ब्रिटनचा रहिवासी होता का? असेल तर तो दीर्घकालीन रहिवासी, आणि त्याच्या जगभरातल्या मालमत्तेवर इथला वारसा कर लागतो. पुण्यातला फ्लॅट, पोस्टातल्या ठेवी, लॉकरमधलं सोनं, सातबाऱ्यावरचा हिस्सा, सगळं मोजायचं. गावच्या शेतीला इथली शेतीची सवलतही मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून ती फक्त ब्रिटनमधल्या जमिनीला आहे. कायमचे भारतात परतलात तरी ही पकड तीन ते दहा वर्षं राहते, आधी इथे किती वर्षं काढली त्यावर.

भारत आणि ब्रिटनमध्ये १९५६ सालचा इस्टेट ड्यूटीबद्दलचा करार अजून लागू आहे. ज्यांचं कायम वास्तव्याचं मूळ ठिकाण, म्हणजे डोमिसाइल, भारतच राहिलं आहे, त्यांच्या भारतातल्या मालमत्तेला त्याचा आधार मिळू शकतो. पण ती मालमत्ता इथल्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने दिली तर तो आधार जातो. म्हणून भारतातल्या मालमत्तेसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करतात. ते करताना एक वाक्य डोळ्यांत तेल घालून वाचा: "यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत." आपले वकील ते सवयीने घालतात. ते तसंच राहिलं तर इथलं मृत्युपत्रही रद्द होतं. तिथे "फक्त भारतातील मालमत्तेपुरती" असे शब्द हवेत. या कराराबद्दल मात्र दोन्ही देशांचं काम जाणणाऱ्या माणसाकडेच जा.

आता तो मोठा अपवाद. नवरा दीर्घकालीन रहिवासी आहे आणि बायको नाही, ती भारतातच असते किंवा अलीकडेच आली आहे. मग नवऱ्याने तिला दिलेल्या मालमत्तेवरची सूट अमर्याद राहत नाही. ती ३ लाख २५ हजारांवर थांबते. त्याने ८ लाख दिले तर सव्वातीन लाख सुटीत, पुढचे सव्वातीन लाख त्याच्या स्वतःच्या मूळ मर्यादेत, उरलेल्या दीड लाखावर ४० टक्के, म्हणजे ६० हजार पौंड कर. शिवाय त्याची मूळ मर्यादा संपल्यामुळे तिच्यासाठी काही उरत नाही. बायको स्वतःला दीर्घकालीन रहिवासी मानावं असं लेखी कळवू शकते, नवऱ्याच्या मृत्यूनंतरही दोन वर्षांपर्यंत. मग सूट पूर्ण मिळते. पण त्यानंतर तिची भारतातली मालमत्ताही इथल्या जाळ्यात येते आणि ही निवड मागे घेता येत नाही. माहेरकडून मोठा वाटा येणार असेल तर घाईने सही करू नका.

आणि आता ही दुसरी बाजू. माझ्या ओळखीत ही फारच थोड्यांना ठाऊक आहे. वडील भारतातच राहिले आणि तिथेच गेले. त्यांनी ब्रिटनचं तोंडही पाहिलं नव्हतं. नंतर आई मुलाकडे आली, इथेच राहिली, तिच्या नावावर इथे घर झालं, आणि ती इथे गेली. वडिलांची मर्यादा तिच्यासाठी मागता येते का? येते. ब्रिटनच्या कराच्या कक्षेबाहेर असलेल्या माणसाची भारतातली मालमत्ता या हिशेबात धरतच नाहीत. म्हणून त्यांनी नाशिकचा वाडा थोरल्या मुलाला आणि शेत धाकट्याला दिलं असलं तरी त्यांची मर्यादा सहसा शंभर टक्के कोरीच असते.

पायरी सातवी: कागद, आणि नावांचा गुंता

पहिला माणूस जातो त्याच महिन्यात एक फाइल करा. तिच्यात मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, प्रोबेट (इस्टेट ताब्यात घेण्याचा कोर्टाचा परवाना) घेतलं असेल तर त्याची प्रत, व्हेरिएशनचा कागद केला असेल तर तो, मालमत्तेची किमतींसह यादी, कोणाला काय गेलं त्याची नोंद आणि मागच्या सात वर्षांतल्या भेटींचा हिशेब. कर लागला नाही म्हणून यादी करायचं टाळू नका.

आमच्यासारखी फाइल गेलीच असेल तर: प्रोबेट घेतलं असल्यास इंग्लंड-वेल्समधलं मृत्युपत्र सार्वजनिक नोंदीत असतं, थोडं शुल्क भरून ऑनलाइन प्रत मागवता येते. आमच्या बाबांच्या एका ठेवीसाठी बँकेने प्रोबेट मागितलं होतं, त्यामुळे त्यांचं मृत्युपत्र मिळालं. तेव्हा त्या कटकटीला आम्ही वैतागलो होतो. सगळं संयुक्त नावावर असल्याने प्रोबेट घेतलंच नसेल, तर मृत्युपत्र त्या नोंदीत नसतं. ते करणाऱ्या सॉलिसिटरकडे विचारा. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जनरल रजिस्टर ऑफिसकडून मिळते. भारतातल्या मृत्यूसाठी महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे जावं लागतं, आणि मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागतं.

लग्नाचा दाखला ही आपल्या वडीलधाऱ्यांची खरी अडचण. १९६७ मध्ये साताऱ्यात आई-बाबांचं लग्न झालं तेव्हा नोंदणी कोण करत होतं? त्यात लग्नात आईचं नावच बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर दुसरं नाव, मधे बाबांचं नाव आणि सासरचं आडनाव. इथल्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर दोष त्याचा नाही. आम्ही फॉर्मवर लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहिलं. सोबत जपून ठेवलेली लग्नपत्रिका, आईच्या जुन्या भारतीय पासपोर्टातलं पतीच्या नावाचं पान आणि मामाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आपल्याकडे लग्नानंतर नाव कसं बदलतं आणि दाखला का नाही, हे एका पानात साध्या इंग्रजीत लिहिलं. आमचं काम त्यावर झालं. पण आई-वडील दोघं हयात असतील तर आजच नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात जुन्या लग्नांचीही नोंद करता येते. मामा-मावश्या साक्षीला आहेत तोवर हे सोपं असतं.

पायरी आठवी: दुसऱ्या मृत्यूनंतर मागणी करा

मागणी एग्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, करायची, आणि एग्झिक्युटर नसेल तर इस्टेट सांभाळणाऱ्या वारसाने. करखात्याचा, म्हणजे एचएमआरसीचा, मुख्य फॉर्म आयएचटी ४००. त्याला जोडून मूळ मर्यादेसाठी आयएचटी ४०२, आईच्या स्वतःच्या घराच्या मर्यादेसाठी आयएचटी ४३५ आणि बाबांच्या घराच्या मर्यादेसाठी आयएचटी ४३६. लहान आणि सरळ इस्टेटीत नुसती मूळ मर्यादा मागायची असेल तर पूर्ण फॉर्म न भरता प्रोबेटच्या अर्जातच भागू शकतं. घराची मर्यादा वापरायची असेल तर आयएचटी ४०० भरावाच लागतो.

मुदती तीन आहेत, त्या एकत्र करू नका. कर लागत असेल तर मृत्यूच्या महिन्यानंतरचा सहावा महिना संपण्याआधी भरायचा, नाहीतर व्याज सुरू होतं. घरावरचा कर दहा वार्षिक हप्त्यांत देता येतो. आयएचटी ४०० मृत्यूपासून साधारण वर्षाच्या आत. आणि उरलेली मर्यादा मागायला मृत्यूचा महिना संपल्यापासून दोन वर्षं. दोन वर्षं ऐकून सैल पडू नका, कारण मागणी न करता आधी जास्त कर भरावा लागला तर तो परत मिळवण्यात महिने जातात. आयएचटी ४०० तपासल्यावर एचएमआरसी एक कोड पाठवते; तो हातात आल्याशिवाय प्रोबेटचा अर्ज करता येत नाही आणि तोवर घर विकता येत नाही.

पेन्शनकडेही लक्ष असू द्या. सरकारने जाहीर केल्याप्रमाणे ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शनची शिल्लक बहुतेक प्रकारांत वारसा करासाठी इस्टेटीत धरली जाईल. जोडीदाराला गेलेली शिल्लक सुटीतच राहील. पण पेन्शनच्या फॉर्मवर पंधरा वर्षांपूर्वी मुलांची नावं लिहून विसरला असाल, तर ते पैसे मर्यादा खाऊन टाकतील. त्या कंपनीला पत्र लिहून आज कोणाचं नाव आहे ते विचारा.

आमच्या घरी आता नवी निळी फाइल आहे, माझी आणि माझ्या नवऱ्याची. पहिल्या पानावर आमचं घर कोणत्या प्रकाराने घेतलंय, दोन्ही मृत्युपत्रं कुठल्या सॉलिसिटरकडे आहेत, आणि लग्नाआधीचं माझं पूर्ण नाव. ती माळ्यावर नाही, बैठकीच्या खोलीतल्या कपाटात आहे, आणि मुलाला कप्पा दाखवून ठेवला आहे.